लाईट गेल्यावर पंप काय करतो?

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा जे बसमध्ये लटकून उभे आहेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले "अं" आणि "म्हणजे" बरेचसे काढलेत. सगळे नाही.

नाशिककर असाल तर एक मेसेज तुम्हाला पाठ असेल. गंगापूर धरणावरच्या पंपिंग स्टेशनच्या वीजवाहिनीचं काम आहे, सबब शनिवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि रविवारी सकाळी पाणी कमी दाबाने येईल. सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पडला की आमच्याकडे पिंप, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवतात. पण ही झाली ठरवून केलेली बंदी. पंप एकेक करून थांबवतात, व्हॉल्व्ह सावकाश फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पाइपांतली हवा बाहेर काढत पुन्हा हळूहळू भरतात. मला आज बोलायचंय ते न सांगता जाणाऱ्या लाईटबद्दल. पंप पूर्ण जोरात चालू आहे आणि फट्. त्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत पाइपात काय होतं, आणि ते कागदावर मांडायला जगातल्या इंजिनिअर लोकांना किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

मला या विषयात ओढलं आमच्या नानांनी. नाना म्हणजे माझे चुलते, निफाडकडे द्राक्षबाग. नदीवरून शेतापर्यंत साधारण अठराशे मीटर पीव्हीसी पाइपलाइन, दहा एचपीची मोटर. लोडशेडिंगच्या वर्षांत ती लाइन सारखी फुटायची. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीत गेलो की हमखास कुठेतरी चर खणलेला दिसायचा. नाना म्हणायचे, "लाईट आल्यावर नाही फुटत रे, गेल्यावर फुटते." मला ते खरं वाटायचं नाही. लाईट गेली म्हणजे पंप थांबला, पंप थांबला म्हणजे दाब गेला. दाब नसताना पाइप फुटेल कसा? पाइपवाला दुकानदारही हेच सांगायचा आणि "जॉइंट नीट बसवला नसेल" म्हणून नानांच्याच गड्यावर ढकलायचा.

पुढे मी बीटेक मेकॅनिकल केलं, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये काठावर सुटलो आणि इतर सगळ्यांसारखा सॉफ्टवेअरमध्ये लागलो. लॉकडाऊनमध्ये गावी असताना नानांचा प्रश्न पुन्हा निघाला, आणि या वेळी हातात लॅपटॉप होता.

नाना बरोबर होते. आधी ते कसं, ते सांगतो.

कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणारी लांब रांग डोळ्यासमोर आणा, आणि ती रांग चढावर आहे असं समजा. मागून पोलीस लोकांना पुढे ढकलताहेत. मागचा रेटा अचानक थांबला. शेवटचा माणूस थांबतो, पण पुढच्यांना ते कळलेलं नाही, ते आपल्या नादात चालतच आहेत. म्हणजे मागच्या बाजूने रांग विरळ व्हायला लागते, आणि ही "विरळ होण्याची" बातमी एकेका माणसामार्फत पुढे सरकते. पाइपात अगदी हेच. पंप थांबला की पहिल्यांदा दाब वाढत नाही, पडतो. दाब पडल्याची ही लहर पाइपातून वर धावत जाते. लोखंडी पाइपात तिचा वेग सेकंदाला साधारण हजार मीटर, पातळ पीव्हीसीत बराच कमी, तीनशेच्या आसपास.

आता वाटेत टेकाड आहे. नानांच्या लाइनमध्ये होतं. टेकाडावर पाइपातला दाब मुळातच कमी, समजा आठ मीटर पाण्याइतका. पडत्या दाबाची लहर तिथे पोचली की आठ मीटर तर संपतातच, त्याखाली निर्वात पोकळी होते. पाणी तुटतं. खरंच तुटतं, एक खांब टेकाडाच्या या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये वाफ आणि सुटलेली हवा. मग वरचं पाणी उताराने परत फिरतं आणि दोन्ही खांब एकमेकांवर आपटतात. तो आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरत नाहीत. जमिनीखालून कुणीतरी घण घातल्यासारखा. इंग्रजीत याला वॉटर हॅमर म्हणतात ते उगाच नाही.

नानांच्या लाइनचा हिशेब मांडला तो असा. पाण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या जरा खाली, लहरीचा वेग तीनशे मीटर. दोघांचा गुणाकार करून गुरुत्वाकर्षणाने भागलं की दाबाचा धक्का निघतो सदतीस मीटर. नदीपासून शेताची उंची चाळीस मीटर. लहर वर जाऊन परत येते तेव्हा हाच धक्का उलट्या बाजूने, म्हणजे चाळीसच्या वर बसतो. घर्षणात थोडं गेलं तरी खालच्या टोकाला सत्तरच्या आसपास. आणि पाइप होता "सहा केजी"चा, म्हणजे साठ मीटर दाबाचा. टेकाडावरची आपटाआपटी मी यात धरलेलीच नाही.

हा जो गुणाकार मी केला, तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

१८९७-९८ साली मॉस्कोत शहराच्या नव्या जलवाहिन्या वारंवार फुटत होत्या. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या प्रमुखाने, झिमिन त्याचं नाव, निकोलाय झुकोव्हस्की नावाच्या प्राध्यापकाला बोलावलं. हा तोच माणूस ज्याला पुढे रशियन विमानविद्येचा जनक म्हणू लागले. त्याने अलेक्सेयेव्हस्काया पंपिंग स्टेशनवर दोन, चार आणि सहा इंची पाइपांवर प्रयोग केले. पाणी वाहतं ठेवायचं, टोकाचा व्हॉल्व्ह झटकन बंद करायचा आणि दाबाचा आलेख काढायचा. त्यातून नियम सिद्ध झाला की दाबातली वाढ म्हणजे पाण्याची घनता, लहरीचा वेग आणि प्रवाहाच्या वेगात झालेला बदल यांचा गुणाकार. लोखंडी पाइपात पाणी सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने, म्हणजे आपल्या चालण्याहूनही हळू जात असेल आणि ते एकदम अडवलं, तर शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब वाढतो. गंमत म्हणजे फोन क्रीस नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये रक्तवाहिन्यांतल्या नाडीचा अभ्यास करताना हाच नियम मांडला होता. पण पाइपवाल्यांनी नाडीवाल्यांचं पुस्तक कशाला उघडायचं?

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की झुकोव्हस्कीच्या प्रयोगात खलनायक व्हॉल्व्ह होता. त्यानंतर इटलीच्या लोरेंझो आलिएव्हीने १९०२-०३ मध्ये सगळं गणित पक्कं केलं, तेही डोंगरावरून वीजघरात उतरणाऱ्या पाइपांना उपयोगी पडलं. तिथेही प्रश्न टर्बाइनचा दरवाजा किती वेगाने बंद करायचा, हाच. आपल्याकडे टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, ते याच जगातलं. पाणी वरून खाली येतंय आणि कुणीतरी दार लावतंय.

पंप या कथेत अजून आलाच नव्हता. का? मला वाटतं, याचं उत्तर विजेत आहे. एकोणिसाव्या शतकात पाणी उपसायला वाफेची इंजिनं होती. त्यांना माणसाहून उंच फ्लायव्हील. वाफ बंद केली तरी ते जडशीळ चाक फिरत राहायचं, पंप दम खात खात थांबायचा. शिवाय चार इंजिनं एकाच क्षणी बंद पडायचं कारणच नव्हतं. मग विजेच्या मोटरी आल्या. हलक्या, वेगवान, आणि सगळ्या एकाच तारेला बांधलेल्या. तार तुटली की पंपगृहातले सगळे पंप एकाच सेकंदाला अनाथ. म्हणजे ज्या विजेने पाणी उपसणं सोपं केलं, तिनेच हा नवा धोका दारात आणून ठेवला.

१९२९ मध्ये ओटमार श्नायडर या स्विस इंजिनिअरने नेमका यावर लेख लिहिला, पंपाच्या रायझिंग मेनमधल्या दाबाच्या धक्क्यांवर. त्यानंतर फ्रान्समध्ये लुई बर्जरॉनने तीच आलेखाची पद्धत वाढवली. पट्टी, पेन्सिल आणि मोठा कागद. एका अक्षावर प्रवाह, दुसऱ्यावर दाब, आणि लहर पुढे-मागे जाते तशा तिरक्या रेघा मारत जायचं. एका पाइपलाइनच्या एका प्रसंगाला तासन्‌तास जात. पण रेघा मारायला लागलं की लगेच एक अडचण समोर येते, आणि आजचा सगळा भाग मी खरं तर या अडचणीसाठी केलाय.

पंपाचा कॅटलॉग उघडा. इतका प्रवाह असेल तर इतकी उंची, असा एक वक्र दिलेला असतो. तो वक्र पंप व्यवस्थित, पूर्ण वेगाने, योग्य दिशेला फिरत असतानाचा. लाईट गेल्यावर पंप त्या कागदावरून खाली उतरतो. आधी वेग कमी होतो, पण पाणी अजून पुढेच जातंय. मग पाणी थांबतं, उलटं वाहायला लागतं, आणि चाक मात्र अजून सुलटंच फिरतंय. चाक आणि पाणी यांची झटापट. मग चाक थांबतं. आणि मग उलटं फिरायला लागतं, वरून येणाऱ्या पाण्याने, टर्बाइनसारखं, आणि कधी कधी सुलट्या वेगापेक्षाही जास्त वेगाने. या प्रत्येक अवस्थेत पंप पाण्यावर किती जोर लावतो आणि पाणी चाकावर किती, हे माहीत असल्याशिवाय पुढची रेघ मारता येत नाही. आणि हे कुठल्याच कॅटलॉगात नसतं. पंप विकणाऱ्याने तरी ते का मोजावं? उलटा फिरणारा पंप कुणी विकत घेत नाही.

ते मोजलं गेलं कॅलिफोर्नियात, कारण तिथे गरज तितकीच मोठी होती. लॉस एंजेलिस आणि आसपासच्या शहरांसाठी कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंटातून जवळजवळ ३९० किलोमीटर आणायचं होतं. वाटेत पाच पंपिंग स्टेशनं, एकूण चढ साधारण ४९० मीटर. काम १९३३ मध्ये सुरू झालं, पाणी १९४१ मध्ये पोचलं. त्या पंपांची निवड करण्यासाठी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक पंप-प्रयोगशाळा उभी राहिली, आणि तिथल्या रॉबर्ट नॅप यांनी १९३७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता पंपाचे "संपूर्ण" गुणधर्म. म्हणजे पंप सुलटा, उलटा, पाणी सुलटं, उलटं, सगळ्या जोड्या. त्यासाठी पंपाच्या तोंडात दुसऱ्या पंपाने उलटं पाणी सोडायचं आणि चाकावरचा जोर मोजायचा. चार कोपऱ्यांचा एक मोठा आलेख तयार झाला. लाईट गेलेल्या पंपाचा प्रवास त्या आलेखावर बोट ठेवून दाखवता येतो.

आता इथे थांबून ऐका. त्याच संस्थेत पुढे आणखी मोजमापं झाली आणि १९६१ मध्ये डॉन्स्की नावाच्या इंजिनिअरने तीन पंपांचे पूर्ण आलेख शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. एक जास्त उंचीवर फेकणारा, एक मधला, एक पंख्यासारखा, कमी उंचीला भरपूर पाणी देणारा. अमेरिकन मापात त्यांचे विशिष्ट वेग १८००, ७६०० आणि १३५००. विशिष्ट वेग म्हणजे पंपाच्या चाकाचा आकार सांगणारा एक आकडा समजा. हे तीन आकडे या विषयातल्या लोकांना शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ असतात, कारण पुढची कित्येक वर्षं पुस्तकांत आणि प्रोग्रॅममध्ये हेच तीन पंप फिरत राहिले. नंतर भर पडली, नाही असं नाही. पण आजही स्वतःच्या पंपाचा उलटा आलेख हाताशी नसेल तर त्यातल्या त्यात जवळच्या विशिष्ट वेगाचा आलेख उचलायचा, ही रीत आहे. म्हणजे गोदावरीच्या काठावरचा पंप लाईट गेल्यावर कसा वागेल, याचा अंदाज आपण पॅसाडेनातल्या एका पंपावरून बांधतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग माझ्या कोडमध्येही तोच तक्ता आहे हे लक्षात आलं आणि हसू थांबलं.

कोडवरून आठवलं. पुढचा भाग कोड लिहिणाऱ्यांसाठी खास, बाकीच्यांनी दोन मिनिटं सहन करा.

पंपाचे नियम सांगतात की उंचीला वेगाच्या वर्गाने भागा आणि प्रवाहाला वेगाने भागा, म्हणजे वेगवेगळ्या वेगांचे सगळे वक्र एकाच वक्रावर येऊन बसतात. छान. पण लाईट गेलेल्या पंपाचा वेग कमी होत होत शून्यातून पलीकडे जातो. शून्याने भागाकार! कागद-पेन्सिलवाल्याला हे चालायचं, तो डोळ्याने बघून पुढे जायचा. कॉम्प्युटर तिथेच मरतो. मग उपाय म्हणून वेग लहान झाला की प्रवाहाच्या वर्गाने भागायचं, असे आठ तुकडे आणि त्यांच्यामध्ये इफ-एल्सचं जंगल. १९६५-६६ मध्ये मार्शाल, फ्लेश आणि सुटर यांनी, आणि मग सुटर यांनी सुल्झर या स्विस कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात, एक साधी युक्ती मांडली. वेगाच्या वर्गाने नको आणि प्रवाहाच्या वर्गानेही नको, दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा. आणि आडव्या अक्षावर दोघांमधला कोन घ्या. वेग आणि प्रवाह दोन्ही एकाच क्षणी शून्य व्हायची पाळी क्वचितच, त्यामुळे भागाकार सुरक्षित. पंपाची सगळी रूपं, सुलटी-उलटी, एका वर्तुळाच्या फेरीत बसतात. एक वक्र उंचीसाठी, एक चाकावरच्या जोरासाठी. संपलं. साठ वर्षांपूर्वीचा हा बग-फिक्स आजही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आहे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनीही लाटांच्या विश्लेषणाचा स्वतःचा प्रोग्रॅम तयार केला तो याच परंपरेतला. मी पायथॉनमध्ये लिहिला तेव्हा सुटरचा भाग खरंच चार ओळींत आला.

तरीही माझं पहिलं उत्तर साफ चुकलं. आणि चूक वक्रात नव्हती.

मी नानांच्या लाइनचं मॉडेल चालवलं, आलेख एकदम गुळगुळीत. टेकाडावर पाणी तुटत नाही, दाब पन्नासच्या वर जात नाही. मी नानांना फोन करून सांगितलं की तुमची लाइन फुटायला नको होती. नाना म्हणाले, "मग ती काय माझ्यावर रुसून फुटायची का?" दोन दिवसांनी चूक सापडली. पंप थांबायला किती वेळ लागतो, तिथे मी "१० सेकंद" असं टाकून ठेवलं होतं. का? गोल आकडा म्हणून. नंतर मोजू म्हणून. ज्याने ज्याने नोकरीत कोड लिहिलाय त्याला हे "नंतर" ठाऊक आहे.

पंप किती वेळात थांबतो हे ठरवतं त्याच्या फिरत्या भागांचं जडत्व. मोटरचा रोटर, शाफ्ट, चाक. यांच्यात फिरण्याची जी ऊर्जा साठलेली असते तेवढ्यावरच पंप लाईट गेल्यावर जगतो. दहा एचपीची छोटी मोटर, मिनिटाला २८८० फेरे. जडत्वाचा अंदाज घालून हिशेब केला तर वेग निम्म्यावर यायला अर्धा सेकंद. अर्धा! आणि लहर वर जाऊन परत यायला बारा सेकंद. पाण्याच्या दृष्टीने पंप थांबत नाही, नाहीसा होतो. दहाच्या जागी खरा आकडा बसला आणि आलेखावर टेकाडापाशी पोकळी उघडली. मी त्या स्क्रीनचा फोटो नानांना पाठवला. त्यांना त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण जागा बघून म्हणाले, "हेच ते, बांधाजवळचं."

मोठ्या पंपांनाही फार वेळ मिळत नाही. समजा ५०० किलोवॅटचा पंप, मिनिटाला हजार फेरे, जडत्व साठ किलो-चौरस मीटर. निम्मा वेग व्हायला सव्वा सेकंद. मुद्दाम फ्लायव्हील बसवून जडत्व पाचपट केलं तर साडेसहा. म्हणजे वाफेच्या इंजिनाचं ते जडशीळ चाक, जे विजेच्या मोटरीने अडगळ म्हणून फेकून दिलं, ते काही ठिकाणी परत आणून बसवावं लागतं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनमधल्या जॉन पार्माकियन यांनी १९५५ च्या आपल्या पुस्तकात यासाठी तयार तक्ते दिले होते, पंपाचं जडत्व आणि पाइपची लांबी टाका, दाब किती पडेल आणि किती चढेल ते वाचा. कॉम्प्युटर नसलेल्या दोन पिढ्या त्यांवर निभावल्या.

आपल्याकडे परत येऊ. ६ जून २००५ ला वीज मंडळाच्या जागी महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या आल्या, आणि त्याच सुमाराला महाराष्ट्रात लोडशेडिंगची ती वर्षं सुरू झाली जी आमच्या पिढीला दहावीच्या अभ्यासासकट आठवतात. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र नाशिकरोडच्या उशाला, चिमण्या घराच्या गच्चीवरून दिसायच्या, आणि घरात मेणबत्ती. वेळापत्रकाने जाणारी लाईट म्हणजे वेळापत्रकाने येणारा पाण्याचा धक्का, हे मात्र पंपगृहात ड्यूटी करणाऱ्यांना आणि नानांसारख्यांनाच कळत होतं. झुकोव्हस्कीने व्हॉल्व्ह काही मोजक्या वेळा झटकन बंद करून बघितला, इथे तो प्रयोग गावोगावी रोज चालला होता.

त्यावरचे इथले उपाय बघितले तर एक वेगळीच शहाणीव दिसते. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह आणि एअर कुशन व्हॉल्व्ह असे दोन प्रकार दिलेत. पहिल्याची कल्पना फार आवडली मला. नेहमीचा एनआरव्ही पाणी उलटं वाहायला लागल्यावर धाडकन बंद होतो, म्हणजे स्वतःच एक छोटा हातोडा. झीरो व्हेलॉसिटीच्या झडपेला स्प्रिंग असते, ती पाणी अजून पुढेच जात असताना मिटायला लागते आणि वेग शून्य होतो त्या क्षणी बंद झालेली असते. उलटं वाहायला संधीच नाही. अशा तीन-चार झडपा रायझिंग मेनवर अंतराअंतराने बसवल्या की पाण्याचा लांब खांब तुकड्यातुकड्यांत जागच्या जागी तोलून धरला जातो. एअर कुशन व्हॉल्व्ह उलट विचार करतो. पाणी तुटणारच असेल तर तिथे हवा आत येऊ दे, आणि परत येणाऱ्या पाण्याला ती हवा गादीसारखी लागू दे. बाहेर मात्र सावकाश सोड.

आता कुणी म्हणेल, एनआरव्ही असताना पंप उलटा फिरेलच कसा, मग ते चार कोपरे हवेत कशाला? बरोबर शंका आहे. झडप नीट मिटली तर पंपाचा प्रवास पहिल्या कोपऱ्यातच संपतो. पण झडपेत फांदी अडकते, गोणपाट अडकतं, बिजागरी झिजते. जॅकवेलमधल्या उभ्या पंपांना उलटं फिरू नये म्हणून रॅचेट लावतात ते यासाठीच. आणि आपल्या शेजारीच एक ठिकाण आहे जिथे उलटं फिरणं हेच काम आहे. घोटीहून भंडारदऱ्याकडे निघालात की पुढे घाटघर. २००८ मध्ये सुरू झालेला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. जास्तीची वीज असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच यंत्र उलटं फिरवून वीज काढायची. नॅपच्या आलेखाचे दोन कोपरे तिथे रोजच्या ड्यूटीला असतात. मी मित्रांबरोबर तिथे सांदण दरीच्या नादाने गेलो होतो, तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. फोटो काढले आणि मॅगी खाऊन आलो.

एक गोष्ट राहिली, आणि गावाकडच्या श्रोत्यांनी ही नक्की ऐका. ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. रात्री-अपरात्री शेतात जायला नको म्हणून सगळ्यांनी बसवलाय, आणि रात्री दोनला बिबट्याच्या भीतीने मळ्यात जाणाऱ्याला मी शहरात बसून "ऑटो काढा" म्हणणार नाही. पण लाईट गेली आणि पाच सेकंदांत परत आली तर काय होतं बघा. पाइपात लहरी अजून धावताहेत, टेकाडावर पोकळी उघडी आहे, एखादवेळी चाक उलटं फिरतंय, आणि त्यात मोटर पूर्ण ताकदीने सुलटा झटका देते. शाफ्ट पिळला जाऊ शकतो, कपलिंग तुटू शकतं. दोन धक्के एकमेकांवर चढले तर पाइप जातो. त्यामुळे ऑटोला टायमर जोडा, पाणी शांत होईपर्यंत थांबणारा. लाइन किती लांब त्यावर वेळ ठरवायची, पण काही मिनिटं तरी. शहराच्या मोठ्या पंपगृहांतही वीज आल्या आल्या सगळे पंप एकदम चालू करत नाहीत ते याच कारणाने. जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी नेणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांच्या बातम्या वाचताना एक करून बघा. वीज कधी गेली आणि वाहिनी कधी फुटली, या दोन वेळा शेजारी ठेवा.

नानांनी पुढे टेकाडावर एअर व्हॉल्व्ह बसवला आणि मध्ये एक एनआरव्ही. माझ्या मॉडेलच्या कितीतरी वर्षं आधी, शेजारच्या गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून. लाइन फुटायची थांबली तीही तेव्हाच.

या भागासाठी मी त्यांना परवा फोन केला. म्हटलं नाना, लाईट गेल्यावर मोटर किती वेळ फिरते, मला माझा अर्ध्या सेकंदाचा आकडा तपासायचाय. म्हणाले, "थांब, संध्याकाळी जाईलच लाईट, तेव्हा सांगतो." साडेसातला त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कुत्रं भुंकतंय, टिटवी ओरडतेय, आणि नाना सांगताहेत, "ऐक. एक म्हणेपर्यंत आवाज बसला."